पाठमोरे मामा

वसई ते विरार या पट्ट्यात कुत्र्याला आधी विचारून मगच त्याच्या अंगाला हात लावणारा माणूस एकच होता आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या तपासण्यात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे 'एकच' हा शब्द मी सहसा कापतो. इथे तो ठेवावा लागतो. मामा कुत्र्यांना अहो-जाहो करत. 'बस' असे त्यांनी कुठल्या कुत्र्याला म्हटलेले मी ऐकले नाही. ते 'बसता का?' असे विचारत आणि उत्तराची वाट पाहत. कुत्रा बसला नाही तर 'त्यांचा विचार चाललाय' असे सांगून आपणही तिथेच उभे राहत. एकदा बोळिंजच्या आमच्या सोसायटीच्या फाटकात एका लूत भरलेल्या कुत्र्याचा विचार इतका लांबला की कुकर उतरवून, पाने मांडून मामी त्यांना शोधायला बाहेर आल्या. समोरचे दृश्य पाहून त्या मला म्हणाल्या, "बघितलंत जावईबापू? मला जन्मभर 'अगं ए', आणि ह्यांना 'बसता का'." मामा मान न वळवता म्हणाले, "तू विचारायच्या आधीच बसतेस."

मामांच्या बुशशर्टाला दोन खिसे असत. डाव्या खिशात सुक्या बोंबलाचे नखाएवढे तुकडे, उजव्यात खटक्याचे बॉलपेन. कुत्र्याने हवे ते केले की त्याच क्षणी मामा पेनाचा खटका दाबत, मग तुकडा देत आणि मग 'आभारी आहे' म्हणत. हा क्रम कधी बदलत नसे. कुत्र्याने नको ते केले तर ते काहीच करत नसत, नुसते दुसरीकडे बघत. काठी, साखळीला हिसडा, आवाज चढवणे यांतले काही त्यांनी कधी वापरले नाही. "मारूनही कुत्रा शिकतो," ते म्हणत, "पण काय शिकतो, ते आपल्या हातात राहत नाही." यापलीकडे त्यांचे तत्त्वज्ञान नव्हते. बोंबलाचा वास मात्र होता. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या कपड्यांनाही तो होता. नात्यातल्या एका साखरपुड्यात मामा पहिल्या रांगेत बसले तेव्हा मुलाकडची मंडळी एकेक करून तिसऱ्या रांगेत गेली आणि हॉलमागची दोन मांजरे येऊन मोकळ्या खुर्च्यांवर बसली. मुलीच्या काकांनी मांजरांना हाकलायला हात उचलला, तर मामांनी त्यांना हळूच सांगितले, "राहू द्या, ती आपल्याकडचीच आहेत."

ही विद्या त्यांनी कुठे मिळवली, हे त्यांनी कधी सांगितले नाही. मुंबईतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात त्यांनी उमेदीची सगळी वर्षे काढली होती. तिथे उशिरा येणाऱ्या कामगारांना ते काही बोलत नसत. वेळेवर येणाऱ्याला पेपरमिंटची गोळी देत. मामांच्या पाळीत लोक वेळेवर येऊ लागले होते, असे त्यांचे जुने सहकारी सांगत. पुढे कारखाना बंद पडला. वेळेवर येणारे आणि उशिरा येणारे एकाच दिवशी घरी गेले. मामा गिरगावातली खोली सोडून विरारला, बोळिंजच्या आमच्याच सोसायटीत आले ते एक ट्रंक, मामी आणि टाइम ऑफिसातले ते पेन घेऊन. तेव्हा आमच्या सोसायटीच्या मागे शेते होती, पाण्याची बोंब होती आणि संध्याकाळी बोलायला माणूस मिळत नसे, कारण माणसे मुंबईहून परत यायची असत. दिवसभर इमारतीत बायका, म्हातारे आणि कुत्री असत. मामा कुत्र्यांकडे वळले.

त्यांची कीर्ती हळूहळू बाहेर गेली. जूचंद्रचा एक भातशेतीवाला त्यांना आपल्या कुत्र्यासाठी बोलवायला आला. सोबत वालाच्या शेंगांची पिशवी होती. कुत्रा शेजाऱ्यांच्या कोंबड्या धरत होता. "मामा, यो कोनाचा आयकत नाय," तो म्हणाला. "फटके हानले का कोंबरी सोरतं, नि परत धरतं."

"मग फटक्यांनी शिकला काय तो?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "पलाला शिकला. मी काठी घेतली का तो पार खाडीवर."

मामांनी ती केस घेतली. 'केस' हा शब्द मामींचा. जूचंद्रला त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि कोंबड्या दिसताच मामांकडे बघणाऱ्या कुत्र्याची हकिगत आम्ही सगळे ऐकू लागलो. ती संपायच्या आतच आमच्या सोसायटीत बाईंचा प्रश्न उभा राहिला.

बाई म्हणजे पंपरूमच्या मागे राहणारी एक तांबूस कुत्री. नाव मामांनीच ठेवले. तिच्या अंगावर कुणीतरी कधीतरी उकळते पाणी ओतले होते. पाठीवर तळहाताएवढ्या जागेत केस नव्हते. माणसाचा हात दिसला की ती दात दाखवी आणि हात मागे गेला नाही तर लावी. सेक्रेटरींच्या सासऱ्यांच्या पोटरीला ते लागले. कुत्री उचलणारी गाडी बोलवायची, असे कमिटीत ठरले. त्या काळी अशा गाडीतून गेलेला कुत्रा परत आलेला आमच्याकडे कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे या ठरावाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. मामा सेक्रेटरींच्या दारात गेले आणि वार्षिक सभेपर्यंत मुदत मागून आले. "ही काय शाळा आहे का मामा, परीक्षा घेऊन पास करायला?" सेक्रेटरी म्हणाले. मामा म्हणाले, "नापास झाल्या तर तुम्ही म्हणाल तसं." मामींच्या कानावर हे गेले. त्या रात्रीच्या स्वयंपाकात मीठ पडले नाही आणि मामांच्या ते लक्षात आले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मामा पंपरूमच्या कट्ट्यावर बाईंकडे पाठ करून बसू लागले. सरळ डोळ्यांत बघणे कुत्र्याच्या दृष्टीने धमकी असते, असे त्यांचे म्हणणे. ते भिंतीकडे तोंड करून वर्तमानपत्र वाचत आणि अधूनमधून खांद्यावरून एक तुकडा मागे टाकत. ये-जा करणाऱ्यांचा समज झाला की मामींशी भांडण झाले आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मामींची समजूत काढायचाही प्रयत्न केला. उन्हे बदलली, मामांच्या मानेचा रंग बदलला. एके सकाळी मी कामावर निघताना त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर बाई बसलेल्या पाहिल्या. मी थांबलो. मामा पुटपुटले, "जावईबापू, हलू नका. त्या माझा पेपर वाचतायत." आणि खिशातल्या खिशात खटका वाजला.

हातावर येणे, हात अंगावर घेणे, पाठीच्या त्या उघड्या जागेवर बोटे टेकू देणे, हे सगळे त्यानंतर झाले. पण मामांचे समाधान झाले नाही. एका माणसाशी गोड वागणारी कुत्री सभेत पास होणार नव्हती. म्हणून त्यांनी अख्खी इमारत कामाला लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात ते एक तुकडा ठेवत, मांसाहार न करणाऱ्यांना ग्लुकोज बिस्किट देत आणि "नुसता हात पुढे करा, बाकी त्यांच्यावर सोडा," असे सांगत. दूधवाला, गॅस सिलिंडरवाला, मीटर वाचणारा, पोलिओ डोस पाजणाऱ्या बाई, एकही माणूस त्यांनी सोडला नाही. परका माणूस, पुढे केलेला हात, खटका, तुकडा. बाई हळूहळू अशा झाल्या की फाटकातून अनोळखी माणूस आला की शेपूट हलवत आधी त्याच पुढे जात. मामी म्हणाल्या, "पाहुण्यांचं एवढं आगत-स्वागत आमच्या घरी नाही होत." मामांनी हे कौतुक म्हणून घेतले.

सभा पार्किंगमध्ये भरली. बाईंचा विषय शेवटी होता. त्याआधी पाण्याच्या टाकीवर वाद पेटला आणि सेक्रेटरी सवयीप्रमाणे हातातल्या पेनाचा खटका वाजवत ऐकत बसले. पहिल्या खटक्याला बाई पंपरूममागून उठल्या, खुर्च्यांच्या रांगांमधून आल्या आणि त्यांच्यासमोर नीट बसून त्यांच्या तोंडाकडे बघू लागल्या. सेक्रेटरींनी घाबरून पेन पुन्हा दाबले. बाई आणखी ताठ बसल्या. सभा शांत झाली. मागच्या रांगेतून मामा म्हणाले, "आता तुकडा द्यावा लागेल. दोनदा कबूल केलंत तुम्ही."

"अहो, आज संकष्टी आहे माझी."

"त्यांची नाही."

मामांनी पुढे केलेला बोंबील सेक्रेटरींनी दोन बोटांत धरला आणि दिला. बाईंनी तो त्यांच्या बोटांना ओठ न लावता घेतला. "आभार माना," मामांनी आठवण केली. सेक्रेटरींनी तेही मानले. कुत्रीला राहू द्यावे, असा ठराव झाला, फक्त तिला रेबीजचे इंजेक्शन द्यावे, एवढी एक अट घातली गेली. अट रास्त होती. मी स्वतः त्या अटीच्या बाजूने हात वर केला होता.

गुरांचा डॉक्टर वसईला होता आणि बाईंना तिथवर न्यायचे तर वाहन हवे होते. उचलून टाकणे मामांना मंजूर नव्हते. सांडोरहून केळी आणि भाजी घेऊन एक वाडीवाला रोज सकाळी टेम्पो आमच्या फाटकाशी लावत असे. माल उतरवायला त्याच्याकडे एक फळी होती. मामांनी त्याला गाठले. मग रोज टेम्पोचे मागचे दार उघडले की शिकवणी सुरू होई: टेम्पोकडे नुसते बघितले, खटका, फळीला पाय लागला, खटका, दोन्ही पाय, खटका. गिऱ्हाइके खोळंबत. "मामा," तो वाडीवाला म्हणे, "मी माझी केळी उतरवू की तुमच्या बाई चढवू?" शेवटी बाई आपणहून फळीवरून वर जाऊन, केळीच्या घडांमध्ये तोंड रस्त्याकडे करून बसायला शिकल्या. इंजेक्शन झाले. डॉक्टरांनी इतकी शांत कुत्री पाहिली नव्हती. मामा त्या दिवशी इतके खूश होते की त्यांनी मामींनाही 'बसता का' म्हटले.

गाडी आली ती एका दुपारी. आमच्या सोसायटीने ती बोलावली नव्हती. पलीकडच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये कुणाच्या तरी तक्रारीवरून आली असे म्हणतात. ती नेमकी कुणी मागवली, याचा मी धंद्याच्या सवयीने शोध घेतला आणि ज्याला विचारावे त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले. गाडीचा आवाज ऐकताच आसपासची कुत्री शेतांकडे पळाली. मामा जूचंद्रला होते. मामी झोपल्या होत्या. वॉचमन पंप चालू करायला गेला होता. त्याने जे पाहिले ते पंपरूमच्या दारातून. गाडीतून उतरलेल्या माणसाने हातातला फास मागे लपवून दुसरा हात पुढे केला, तशा बाई शेपूट हलवत त्याच्याकडे गेल्या. गाडीचे मागचे दार उघडे होते आणि त्याला फळी लावलेली होती. वॉचमन ओरडत धावेपर्यंत गाडी नाक्याला वळली होती.

मामा संध्याकाळी परतले तेव्हा आम्ही फाटकातच उभे होतो. वॉचमनने त्यांना सांगितले, "मामा, पकडना ही नहीं पडा. खुद चढ गयी."

मामांनी विचारले, "चढून बैठी क्या?"

"हां. बाहर मुँह करके बैठ गयी."

"म्हणजे सगळं बरोबर केलं त्यांनी," मामा म्हणाले.

अशा गाड्या जिथे जिथे जातात म्हणून सांगण्यात आले, तिथे तिथे मी आणि मामा गेलो. एका ठिकाणी फाटकावरच्या माणसाने आत जाऊ दिले नाही. "काल आणलेली आज नसतात," तो म्हणाला. त्यात उर्मटपणा नव्हता, तो माहिती देत होता. मामा त्याला 'आभारी आहे' म्हणाले.

आठवड्याने जूचंद्रचा माणूस भेटायला आला. बातमी त्याच्यापर्यंत गेली होती. त्याने शेंगांची पिशवी दाराशी ठेवली आणि समाधान करावे म्हणून म्हणाला, "मामा, आमचा कुत्रा आसता तं पलला आसता. मार खाल्लेला हाय ना तो." त्याच्या मनात काही वाईट नव्हते. मामी चहाचे कप घेऊन दारातच थांबल्या. मामा म्हणाले, "हो. तो वाचला असता." आणि त्याच्या कोंबड्यांची चौकशी केली.

त्यानंतर खिसे रिकामे राहिले. शर्टाचा वास गेला. आपल्याला तो आवडत होता हे आम्हाला तेव्हा कळले. मामा तळमजल्यावरच्या गॅलरीत बसून असत. मामी मला म्हणाल्या, "ओरडत तरी नाहीत हो. म्हटलं, निदान माझ्यावर ओरडा. तर म्हणतात, तू काय केलंस?" बोंबलाचा डबा त्यांनीच पुन्हा भरून ठेवला होता. तो कुणी उघडत नव्हते.

पावसाळा संपता संपता शेताकडून काही पिल्ले आली आणि पंपरूमच्या मागे राहू लागली. मामांनी त्यांच्याकडे लक्ष नाही असे दाखवले. मग एका रविवारी त्यांनी माझे दार वाजवले. खिसा फुगलेला होता. "जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही परके व्हायचंय." माझी पाळी अशी असे की पिल्लांनी मला फारसे पाहिले नव्हते. "आणि पेपरवाल्यांना लोक टाळतात, तुम्हाला ते जड जाणार नाही," असेही ते म्हणाले. बाई गेल्यापासून त्यांच्या तोंडी विनोद मी पहिल्यांदाच ऐकला.

माझे काम सोपे होते. तुकडा घेऊन हात पुढे करायचा आणि पिल्लू जवळ आले की मूठ मिटायची. पिल्लू गोंधळून मागे सरकले की मामांच्या पेनाचा खटका वाजे आणि त्याहून मोठा तुकडा त्यांच्याकडून पडे. हात दिसला की मागे फिरायचे. तेच पुढे सांडोरच्या टेम्पोचे: मागचे दार उघडले की भिंतीपलीकडे पळायचे. जे दुसरे लोक काठीने शिकवतात, ते मामा बोंबलाने शिकवत होते. पिल्ले हुशार होती. माझ्या हाताकडे धावत येणारे एक काळे पिल्लू अर्ध्यावर थांबून, माझ्याकडे एकदा बघून, वळून निघून गेले तेव्हा खटका वाजला, तुकडा पडला आणि पुढे काहीच झाले नाही. मी म्हणालो, "मामा, आभार राहिले." ते म्हणाले, "कशाचे मानू?" त्या पिल्लांना त्यांनी नावेही ठेवली नाहीत. नाव ठेवले की हाकेला येतात, म्हणाले.

गाडी पुढे एकदा पुन्हा आली आणि रिकामी गेली. वॉचमन सांगायला धावत आला. मामा गॅलरीत होते. त्यांनी खिशातले पेन काढले, एकदा खटका दाबला आणि पेन पुन्हा खिशात ठेवले.

मामांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. मागची शेते गेली, तिथे आमच्यापेक्षा उंच इमारती आहेत. पेन मामींनी मला दिले. "तुम्ही लिहिता," म्हणाल्या, "त्याने लिहिलं कधी गेलंच नाही." त्या पिल्लांपैकी ते काळे तेवढे उरले आहे, तोंड पांढरे पडले आहे, मागचे पाय ओढते. इमारतीतल्या लोकांशी त्याचे बरे आहे. मी दिसलो की मात्र ते उठते आणि सावकाश, न चिडता, भिंतीकडे निघून जाते. मला परका म्हणून नेमलेले होते आणि त्या नेमणुकीतून मला मोकळे करणारा माणूस राहिलेला नाही.

परवा मामींकडून थोडे बोंबील मागून घेतले. तो काळा कुत्रा पंपरूमपाशी उन्हात पडला होता. मला पाहून तो उठू लागला. मी हात पुढे केला नाही. कट्ट्यावर भिंतीकडे तोंड करून बसलो आणि खटका दाबला. पावले थांबली. मी एक तुकडा खांद्यावरून मागे टाकला. बराच वेळ काही हलले नाही. वर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, पंप बंद झाला. मग पाठीमागे, हातभर अंतरावर, सुके काहीतरी चावल्याचा बारीक आवाज आला.

"आभारी आहे," मी भिंतीला म्हणालो. वळून पाहिले नाही.